मेंदूला म्हणे ‘नाही’ कळत नाही!

रविवारी गिरगावात मावशीकडे गेले, तर ओट्यावरच्या बशीत कायम असणारी बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप दिसेना. निघाली कुठे? फडताळात, पोह्यांच्या डब्यामागे. पंधरातल्या अकरा गोळ्या तशाच.

“अगं, रोज बघितली की आजार मनात मुरतो.” आधार काय, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड: मेंदूला फक्त एकत्र दिसणाऱ्या गोष्टींची जोडी कळते, ‘नाही’ कळत नाही; औषध बघून आजार आठवतो, म्हणून मेंदू आजारालाच आपलं मानतो; न दिसणाऱ्या जाहिरातीनेसुद्धा पॉपकॉर्नचा खप वाढला होता; 21 दिवस औषध नजरेआड ठेवा. माझंच बीपी वाढलं.

झुरळांच्या फवाऱ्यावर झुरळाचंच चित्र असतं ना? तो डबा वर्षानुवर्षं मोरीत आहे. मावशीला झुरळं आवडायला लागली का?

हू, गॉरॉन्स्की आणि बालास या मानसशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये नेमकं हेच तपासलं. औषधांच्या जोडीला तब्येतीची बरी-वाईट चित्रं दाखवली आणि औषध ते घडवतं की टाळतं, तेही सांगितलं. थेट विचारल्यावर लोकांनी ‘टाळतं’ बरोबर लक्षात घेतलं. विचाराला उसंत न देणाऱ्या चाचणीत मात्र, हे नातं आधीच सांगून ठेवलेलं असेल तर, नुसती जोडीच वरचढ ठरली. एवढं अर्धसत्य फॉरवर्डवाल्याच्या पदरात टाकते, नाइलाजाने. पण तेच नातं जोडीबरोबरच दाखवलं, तेव्हा त्या झटपट चाचणीचाही कल बदलला. आणि बाई, हे सगळं औषध आवडण्या-नावडण्याबद्दल आहे. गोळीकडे बघून रक्तदाब चढतो असं त्यात कुठेही नाही. तो चढतो गोळी चुकवल्यावर.

बाकी मुद्द्यांत दम नाही. थिएटरात न दिसणाऱ्या जाहिरातीने पॉपकॉर्नचा खप वाढला, हा जाहिरातींसाठी बाजाराचा अभ्यास करणाऱ्या जेम्स व्हिकरीचा 1957 चा दावा. 1962 मध्ये त्यानेच कबूल केलं की हाताशी माहिती फारच तुटपुंजी होती. उलट, जोडी लक्षात आलेल्यांवरच तिचा परिणाम जास्त होतो, असं अशा प्रयोगांच्या 2010 च्या मोठ्या आढाव्यात दिसलं. 21 दिवस कुठून आले, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

हे ऐकून मावशी चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायला निघाली! हात धरला, आधी डॉक्टरांना फोन लावला. मग स्ट्रिप बशीत ठेवली आणि वर स्केचपेनने ठळक लिहिलं, ‘बीपी आवरते’. फॉरवर्ड काही तिने अजून डिलीट केलेला नाही.