नागपूर-मुंबई फ्लाइट तासभर का थांबली: रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, एक स्टार दिला ते ठीक, पण "नागपुरात लख्ख ऊन असताना विमान तासभर उभं, ट्रॅव्हल्सवाल्याने भंगार एअरलाइनचं तिकीट मारलं, मस्कतची फ्लाइट गेली" असं लिहिलंत म्हणून उत्तर देतोय, बाकीचे लोकपण वाचतात.

ऊन नागपुरात होतं हो, गर्दी मुंबईत होती. तिथे रनवे दोन, पण एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालतो. 2024 मध्ये सरकारने गर्दीच्या वेळची मर्यादा तासाला 46 वरून 44 वर आणली, त्यात उतरणारी-उडणारी दोन्ही विमानं आली. वर त्या संध्याकाळी तिकडे धो धो पाऊस, म्हणजे दोन विमानांत अंतर जास्त ठेवायचं आणि उतरणारी आणखी कमी. मग दिल्लीत एअरपोर्ट अथॉरिटीचं फ्लो मॅनेजमेंट सेंटर आहे ते, मुंबईत कोण कधी उतरू शकेल ते बघून तिथून उलटं मोजत प्रत्येकाला उडायची वेळ देतं. परदेशातून येणारी आधीच हवेत, त्यांना कुठे थांबवणार, म्हणून पाळी येते आपल्यासारख्या दीड तासाच्या फ्लाइटवर. ती वेळ पायलटच्या हातात नाही, काउंटरवाल्या पोरीच्या नाही, माझ्या तर नाहीच नाही.

दार लावून आत बसवलं याचा राग समजतो, एसीपण धड लागत नाही तेव्हा. पण वेळ अलीकडे आली तर लगेच निघता यावं म्हणून बसवतात, तयार नसलात की नंबर गेला. आणि वेळेत उडून मुंबईवर घिरट्याच घातल्या असत्या, सरकारच्याच हिशोबाने 40 मिनिटांच्या घिरट्यांत 1700 लिटर इंधन जातं. मस्कत तरीही हुकलंच असतं.

आता तिकिटाचं. नागपूर-मुंबई आणि मुंबई-मस्कत असे दोन वेगळे पीएनआर, म्हणजे दोन वेगळी बुकिंग, आणि मध्ये जेमतेम अडीच तास, म्हणून मी सकाळची फ्लाइट सुचवली होती, पुढची एअरलाइन जबाबदारी घेणार नाही हेही व्हॉट्सॲपवर टाकलं होतं. तुमचा रिप्लाय, "आईला पहाटे उठणं जमणार नाही, संध्याकाळचीच करा." त्यामुळे सर्व्हिस चार्ज परत करणार नाही, सॉरी. मस्कतच्या तिकिटातला टॅक्स मात्र नो-शो, म्हणजे प्रवासी फ्लाइटला पोचलाच नाही, असं असलं तरी परत मिळतो, बरेच जण मागतच नाहीत. तुम्ही नुसतं ओके पाठवा, क्लेम आम्ही टाकतो, त्याचे पैसे घेत नाही.