11 पोरांच्या शाळेचा हिशेब असा होत नाही

गेले पंधरा दिवस आमच्या गावच्या ग्रुपवर, चाकरमान्यांच्या ग्रुपवर, अगदी बचत गटाच्या ग्रुपवर पण एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेत 11 मुलं, त्यांना दोन शिक्षक, दोघांचा पगार मिळून 1 लाख 32 हजार, म्हणजे एका मुलामागे महिन्याला 12 हजार. तेवढ्यात पोरगं चांगल्या इंग्लिश मीडियमला जाईल. म्हणून 20 च्या आतल्या पटाच्या शाळा बंद करा, पोरं गाडीने मोठ्या शाळेत न्या, नाहीतर पैसे सरळ पालकांच्या खात्यात टाका. असंही शिक्षणावर कितीही खर्च करा, पोरांना काही येत नाही. आणि कोकणचा निकाल दरवर्षी पहिलाच असतो, चार शाळा गेल्या तर काय बिघडतं.

मी राजापूर तालुक्यात खाडीच्या कडेला राहते, दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होते. हा मेसेज पाठवणारे बरेचसे आपलेच लोक आहेत आणि त्यांना गावाचं वाईट व्हावं असं वाटत नाही हे मला माहितीये, म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी त्या 12 हजाराचं. भागाकार बरोबर आहे, पण भागाकार म्हणजे बचत नव्हे. शाळा बंद झाली की शिक्षक घरी जात नाहीत, त्यांचं दुसरीकडे समायोजन होतं आणि पगार चालूच राहतो. सप्टेंबर 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचा विषय निघाला तेव्हा राज्यातले आकडे आले होते, 20 पेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा, त्यात 1,85,467 मुलं आणि 29,707 शिक्षक. म्हणजे शाळेमागे बारा-तेरा मुलं. आता कोणी म्हणेल की हे शिक्षक दुसरीकडच्या रिकाम्या जागांवर जातील, तिथली भरती वाचेल. हे खरं आहे, तो फायदा धरायलाच हवा. पण मग त्यातून गाडीचा खर्च वजा करा, जिकडे पोरं जाणार तिकडच्या वर्गखोल्या वजा करा, आणि मग काय उरतं ते सांगा. मेसेजमध्ये ही वजाबाकीच नाहीये. आमच्या शाळेपुरतं बोलायचं तर शाळा बंद करून नक्की वाचणार काय, तर लाईटबिल, थोडी डागडुजी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईचं मानधन.

गाडीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि मेसेजमध्ये तो अर्ध्या ओळीत संपलाय. शिक्षण हक्क कायद्याच्या आपल्या राज्यातल्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी असं आहे, ते कोणी हौस म्हणून नाही लिहिलेलं. नकाशावर आमच्या वाडीपासून मोठी शाळा अडीच किलोमीटर दिसते. प्रत्यक्षात आधी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट उतरायची, मग पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, मग सडा, म्हणजे कातळाचं पठार चढून डांबरी रस्ता, आणि शाळा सुरू होते कधी तर जूनच्या मध्यावर, म्हणजे पाऊस सुरू होतो तेव्हाच. पहिलीतलं सहा वर्षांचं पोर हे रोज करेल का? बाजूच्या वाडीतली शाळा बंद झाली तेव्हा वाहतूक भत्ता मिळेल असं सांगितलेलं, जो जास्तीत जास्त वर्षाला 6,000 रुपये असतो. तो पहिल्या वर्षी आलाच नाही आणि रिक्षावाला एका पोराचे महिन्याला हजार घेत होता. दोन घरं पोरांसकट मुंबईला गेली, एका मुलीला आजीने पावसाचे चार महिने घरीच ठेवली, सप्टेंबरात ती वर्गात बसली तेव्हा सगळी तिच्या पुढे गेलेली. सरकारी खर्च कमी झाला असेलही, पण तो आईबापाच्या खिशावर आणि त्या मुलीच्या वर्षावर येऊन पडला.

हे फक्त आमचं रडगाणं नाही. अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात 31 गावांत हे मोजलंय, काही गावांना गावातच शाळा दिली आणि काहींना नंतर. शाळा जितकी लांब तितकी पटनोंदणी खाली, दर मैलाला साधारण 16 टक्के अंकांनी, मुलींची त्याहून जास्त, आणि परीक्षेतले मार्कही कमी. बिहारमध्ये 2006 पासून नववीला जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या तर मुलींची नोंदणी साधारण 30 टक्क्यांनी वाढली, आणि जास्त फरक कुठे पडला तर जिथे हायस्कूल 3 किलोमीटर किंवा त्याहून लांब होतं तिथे. पैसा अंतर तोडायला वापरला की उपयोग होतो. फक्त पाखाडीवर सायकल चालत नाही, म्हणून आपल्याकडे शाळाच जवळ हवी.

पैसे पालकांच्या खात्यात टाका म्हणणाऱ्यांसाठी आंध्र प्रदेशातलं उदाहरण आहे. 2008 मध्ये तिथे चिठ्ठ्या टाकून काही सरकारी शाळेतल्या मुलांना खासगी शाळेत जायला फी दिली. चार वर्षांनी बघितलं तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच, हिंदीत खासगीवाली पुढे. खासगी शाळांचा मुलामागचा खर्च मात्र सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी होता, हेही सांगायला हवं, ते लपवून मला वाद जिंकायचा नाहीये. पण ही स्वस्ताई कमी पगाराच्या शिक्षकांवर आणि भरलेल्या वर्गांवर चालते. 11 पोरांच्या वाडीत कुठला संस्थाचालक शाळा काढणारे? तालुक्याच्या गावीच काढणार, म्हणजे पुन्हा तीच रिक्षा.

"कितीही खर्च करा, काही येत नाही" हे मात्र अर्धं खरं आहे. इंडोनेशियात शिक्षकांचे पगार दुप्पट केले, मुलांच्या शिकण्यात काहीच फरक पडला नाही. पण त्याच देशाने 1973 पासून पाचेक वर्षांत 61,000 च्या वर प्राथमिक शाळा बांधल्या होत्या, तेव्हाची मुलं जास्त वर्षं शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली. आणि आपल्या मुंबईत आणि वडोदऱ्यात बालसखी म्हणून वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, महिन्याला पाचशे-साडेसातशे मानधनावर, मागे पडलेली पंधरा-वीस पोरं बाजूला घेऊन रोज दोन तास शिकवायच्या, त्या पोरांचं वाचन-गणित स्पष्ट सुधारलं. आमच्या वाडीत बारावी झालेल्या तीन मुली घरी काजू सोलतायत.

निकालाचं थोडक्यात सांगते. 2024 ला दहावीत कोकण विभाग 99.01 टक्के, 2025 ला 98.82, अभिमान मलाही आहे. पण कोकण बोर्ड म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोनच जिल्हे, आणि टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते, मधेच सुटलेल्यांची नाही. शिवाय 2025 ला दहावी झालेली पोरं 2015 च्या आसपास पहिलीत होती, त्यातली कितीतरी याच वाडीवाडीतल्या छोट्या शाळांतली. त्या शाळांमुळेच निकाल लागला असं मी म्हणत नाही, पण त्या निकालाच्या जोरावर त्याच शाळा बंद करायच्या हे कसं चालेल?

छोट्या शाळेत सगळं छान आहे असंही नाही. कायद्याने 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आमच्याकडे वर्षभर एकच होते, चार इयत्ता एका खोलीत आणि सरांचा अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात. सहावी-सातवीची मुलं एसटीने मोठ्या शाळेत गेली तर माझी हरकत नाही, त्यांना सोबती मिळतात, खेळाला टीम होते. चौथीपर्यंतची शाळा मात्र वाडीत राहू द्या.

पुढच्या ग्रामसभेत मी बाजूच्या वाडीतल्या पोरांच्या वाहतूक भत्त्याचा हिशेब मागणार आहे, किती मंजूर झाला, किती आला, कोणाच्या खात्यात गेला. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी जे गणपतीला गावी येतील त्यांनी एक दिवस सकाळी नऊला त्या पोरांबरोबर साकवावरून शाळेपर्यंत चालत यावं, मी पण सोबत येते.