दुमडलेली पँट

मागच्या रविवारी पुण्याहून मावसभावाचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत युद्धकवितांचा कार्यक्रम ठरतोय. कुणीतरी शहिदाच्या आईवरची कविता सुचवली, तर दादा म्हणाला, "असलं रडगाणं नको. मुठी वळल्या पाहिजेत." मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर धुमसत राहिले.

इथे टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कमध्ये माझ्या शेजारच्या खानम इराणमधल्या खोर्रमशहरच्या. १९८० च्या ऑक्टोबरात त्यांचं शहर इराकी फौजेनं घेतलं, ते २४ मे १९८२ ला सुटलं. इराण-इराक युद्ध मात्र १९८८ पर्यंत चाललं. साखरेचा खडा दातात धरून चहा पिता पिता त्यांनी मला इराणी कवयित्री सीमीन बेहबहानींची फारसी गझल म्हणून दाखवली. एक पाय गमावलेला तरुण रस्त्यानं चाललाय. पँटचा एक पाय दुमडलेला, नजरेत आग : बघू नका माझ्याकडे. वय जेमतेम वीस. कवयित्री मायेनं हसते, तर ते हसूच त्याला काट्यासारखं टोचतं. ती पुन्हा वळून बघते तोवर तो निघून गेलेला. एवढीच गझल. शत्रूचं नावसुद्धा नाही. खानम थांबल्या तेव्हा चहा पार गार झाला होता.

दादा म्हणेल, बेहबहानी सरकारविरोधी, त्या रडणारच. मग तिकडचेच कवी कैसर अमीनपूर घ्या. ते तर इस्लामी क्रांतीच्या बाजूचे, दिझफूलजवळचे, क्षेपणास्त्रं झेललेल्या मुलखातले. युद्धावर कविता लिहायला बसलो आणि जमेना, अशी त्यांची कविता सुरू होते. पुढे ते म्हणतात, माझी कविता शहरातल्या घरांपेक्षा काही चांगली नाही; तीही त्या मातीच्या घरांसारखी पडकी, रक्तानं माखलेली असू दे. घोषणाबाजीच्या कविता तिकडेही ढिगानं झाल्या. खानमना त्यातली एकही पाठ नाही.

आणि हे परकं तरी कुठे? माधव ज्यूलियन पुण्यातच फारसी शिकवत होते. मराठीत गझल आणण्यात मोठा वाटा त्यांचाच. शहीद हा शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आला.

हे सगळं मी दादाला तावातावानं लिहिलं आणि मग पाठवेना. कारण चहा संपल्यावर खानमनी बेहबहानींचीच आणखी एक ओळ म्हटली होती : माझ्या देशा, तुला मी पुन्हा बांधीन. म्हणताना त्यांचा आवाज कापरा झाला. त्यांना कित्येक वर्षं परत जाता आलेलं नाही. मला कुणी अडवलेलं नाही. तिकीट काढलं की दुसऱ्या दिवशी मुंबई. तरी पाच वर्षांचे डिसेंबर असेच गेले. कधी मुलांच्या परीक्षा, कधी रजा नाही. घरी काय वाचावं हे मला न विचारता ठरतं याचा राग आला, पण विचारायला मी तिथे असते कुठे?

दादा, कार्यक्रमात मला पाच मिनिटं दे. ती गझल मी मराठीत केली आहे. व्हिडिओवरून नाही, येऊन वाचीन. तारीख कळव.