घोटा माझा, पिशवी सगळ्यांची

दुखऱ्या भागाला गार किंवा गरम शेक द्यायच्या जेलच्या पिशवीच्या खोक्यावर जो माणूस छापलेला असतो, त्याला मला एकदा भेटायचं आहे. पिळदार पोटऱ्या, पांढरेशुभ्र बूट, गुडघ्याला बांधलेली निळी पिशवी आणि चेहऱ्यावर असं समाधान, की गुडघा दुखावून घ्यायचं त्याच्या कित्येक वर्षांपासून मनात होतं. घरच्या फ्रीझरचं तापमान साधारण उणे १८ अंश असतं. तिथून नुकतीच काढलेली वस्तू अंगाला लावून हसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी ती घोट्यावर ठेवतो तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघतो, तो ऐकून शेजारचे काका चौकशीला आले होते. (या काकांवर लक्ष असू द्या.)

तर घोटा. उजवा. बॅडमिंटन खेळताना जाळीला लागून पडणाऱ्या शटलवर झेपावलो, शटल उचललं, गुणही मिळाला आणि त्याच पावलाला पाय आत वळला. घोटा बहुतेक वेळा असाच मुरगळतो. तळवा आत वळतो, अंगाचा सगळा भार बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, येतो आणि त्यांतला पुढचा बिचारा सगळ्यांत आधी ताणला जातो. त्याचं नाव अँटीरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंट. एवढ्या भारदस्त नावाचं कोणीतरी आपल्या पायात राहतं, हे मला ते दुखावल्यावरच कळलं. गुण मिळाला होता, याची मात्र नंतर कोणीही दखल घेतली नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडा दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "काका, आता चार पावलं चालून दाखवा." ही चार पावलं त्यांनी मनाने काढलेली नव्हती. १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी एक नियम मांडला. हाडाच्या ठरावीक जागा दाबल्यावर दुखत नसेल आणि माणूस दुखापतीनंतर लगेच व दवाखान्यातही चार पावलं टाकू शकत असेल, तर घोट्याचा एक्स-रे काढायची बहुधा गरज नसते. लंगडत टाकलेली पावलंही धरतात. मी लंगडत टाकली. हाड शाबूत ठरलं. ते 'काका' मात्र घोट्याच्याही वर, छातीच्या आसपास कुठेतरी लागलं.

"गार शेक द्या," एवढं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. पुढचे सल्ले घरी तयारच होते.

"गार?" आई म्हणाली. "मुरगळलेल्या पायाला कोणी गार लावतं का? गरम पाण्याची पिशवी काढ."

"पहिले दोन दिवस गार, मग गरम," बायको म्हणाली. तिने खोक्यावरची सूचना वाचली होती. आमच्या घरात खोक्यावरच्या सूचना वाचणारी ती एकटीच.

"बाबा, आता बर्फ लावायचा की नाही, यावरच वाद चाललाय," मुलगी फोनवरून नजर न उचलता म्हणाली.

आणि या तिघींच्या मधोमध ती पिशवी पडलेली. एका बाजूला निळी चांदणी, दुसऱ्या बाजूला लाल ज्वाळा. जी बाजू वर करावी, ती व्यक्ती बरोबर. इतकी राजकीय वस्तू मी घरात प्रथमच आणली.

आईला मी शांतपणे समजावलं. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, त्या भागातल्या नसांमधून जाणारे संदेश मंदावतात, म्हणून ठणका कमी होतो. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात; जुन्या दुखण्याला ते बरं वाटतं, पण ताज्या सुजेला गरम लावलं तर सूज आणखी वाढू शकते. म्हणून नव्याला गार, जुन्याला गरम. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दुखणं जुनं कधी होतं?"

यावर बायकोने खोकं उलटून पाहिलं आणि जाहीर केलं, "४८ तासांनी." पाय मुरगळला संध्याकाळी सातला. म्हणजे परवा संध्याकाळी सातपर्यंत मी ताजा. परवा सात वाजून पाच मिनिटांनी आई दारात उभी होती, हातात वाफाळती पिशवी घेऊन. घोटा तेव्हाही चांगला टम्म होता. त्याने बहुधा खोकं वाचलेलं नव्हतं. सूज आणि गरमपणा ओसरेपर्यंत गरम लावायचं नाही, घड्याळ काहीही म्हणो, हे मी आईला सांगितलं. तिने पिशवी स्वतःच्या गुडघ्यावर ठेवली आणि "मला काय, तुझा पाय" असं म्हणून विषय संपवला. विषय अर्थातच संपला नव्हता.

मुलगीही अगदीच उगाच बोलली नव्हती, हे कबूल करायला हवं. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'राइस' हे सूत्र दिलं. जगभरच्या मैदानांवर ते पाठ झालं. सुमारे साडेतीन दशकांनी खुद्द मर्किननीच लिहिलं, की बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने बरं व्हायला उलट वेळ लागू शकतो. सूज हा दुरुस्तीच्याच कामाचा भाग असतो. दरम्यान २०१२ मध्ये 'पोलीस' नावाचं सूत्र आलं. त्यात बर्फ होता, पण नुसत्या विश्रांतीऐवजी बेताबेताने भार द्यायला सांगितलं होतं. मग २०१९ मध्ये आलं 'पीस अँड लव्ह'. एवढी ऐसपैस आद्याक्षरं, पण बर्फाच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. त्यातल्या 'ओ'चा अर्थ मात्र आशावाद. म्हणजे मी पाय वर करून आशावादी राहायचं, हे आता वैद्यकशास्त्रात बसतं. मुलीला म्हटलं, आशावाद लावून झाला, अजून ठणकतंय. ती म्हणाली, "मग दुखणं कमी व्हायला बर्फ लाव. थोडा वेळ लावला तर कोणी रागावत नाही." एवढ्या आद्याक्षरांतून वाट काढत आम्ही शेवटी डॉक्टरीणबाईंच्या तीन शब्दांपाशी आलो.

थोडा वेळ म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, आणि तीही मधे फडकं घालून. हे फडकं म्हणजे लाड नव्हेत. साधा बर्फ वितळत असतो तोवर शून्य अंशावर टिकून राहतो, त्याच्या खाली जात नाही. जेलमध्ये पाण्याबरोबर प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, घट्टपणासाठी सेल्युलोजच्या जातीचा पदार्थ असतो, त्यामुळे ते शून्याच्या बरंच खाली जाऊनही मऊ राहतं आणि अंगाला बिलगतं. प्रेमळ वाटतं. पण उघड्या कातडीवर तसंच ठेवलं तर कातडी गारठून भाजल्यासारखे चट्टे उठतात. माझ्या बॅडमिंटनच्या जोडीदाराने कोपराला अशी पिशवी थेट बांधून आख्खा सामना पाहिला होता. सामना जिंकला तो संघ त्याला आठवत नाही, कोपर आठवतं. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस कातडीच्या अगदी जवळून जाते, तिथे जास्त वेळ गारठा दिला तर ती रुसून बसते आणि हात-पाय काही काळ दगा देऊ शकतात. मधुमेहाने ज्यांच्या पायाची जाणीव कमी झाली आहे, त्यांना तर भाजलंय की गारठलंय हे कळतच नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये.

आता ती वीस मिनिटं. बाहेरच्यांना वाटतं, माणूस आरामात पडलाय. आत काय चाललंय, ते चार अंकांत घडतं. पहिला अंक गारवा: हा बरा असतो, यात आपण घरच्यांशी सभ्यपणे बोलतो. दुसरा अंक जळजळ: गार वस्तूने जळजळ कशी होते हा प्रश्न पडतो आणि तो मोठ्याने विचारला जातो. तिसरा अंक ठणका: यात मला शाळेपासून ज्यांच्याशी वैर आहे ती सगळी माणसं आठवतात. चौथा अंक बधिरपणा. हा अंक सुरू झाला की प्रयोग संपवायचा, पिशवी काढायची. फिजिओथेरपीवाले या चार पायऱ्या इतक्या थंडपणे सांगतात, की त्यांना स्वतःला कधी काही मुरगळलंच नसावं.

शिवाय पाय उंच हवा, हृदयाच्या पातळीच्या वर. म्हणजे आडवं पडायचं, पायाखाली उशा रचायच्या आणि त्या मनोऱ्याच्या टोकावर पिशवी बसवायची. घोट्याला सपाट असा भागच नसतो. पिशवीबरोबर येणारा वेल्क्रोचा पट्टा खोक्यावरच्या त्या पिळदार माणसाच्या मांडीच्या मापाचा असतो. घोट्याला गुंडाळला तर दोन वेढे होऊनही सैल. त्यामुळे पिशवी ओल्या साबणासारखी सटकते. ती सटकली की ओणवं व्हायचं, ओणवं झालं की उशा ढासळतात, उशा ढासळल्या की पाय खाली येतो आणि सूज उतरवण्याच्या खटाटोपात कंबर धरते. नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजते. घरात तीन चालती माणसं असतात, पण बेल ऐकू येते ती एका पायावरच्याला.

फ्रीझरमधली जागा हा आणखी वेगळा कलह. पिशवी आडवी, सपाट ठेवायची असते. आमच्या फ्रीझरमध्ये सपाट असं काही उरलेलंच नाही. जिथे जागा मिळाली तिथे ती बर्फाच्या ट्रेवर आडवी पडली आणि सकाळी बाहेर आली ती ट्रेचे सगळे खण पोटात उमटवून. जेल मऊ राहतं हे खोक्यावरचं वचन आमच्या फ्रीझरने वाचलेलं नसावं, किंवा स्वस्तातल्या जेलने तरी. मग तो खाचखळग्यांचा नकाशा घोट्यावर ठेवायचा, आणि जिथे उंचवटा तिथे जळजळ, जिथे खड्डा तिथे काहीच नाही. त्यापेक्षा गोठलेल्या मटारचं पाकीट बरं. ते निदान घोट्याचा आकार घेतं. फक्त त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं लागतं, की हे आता पायाचं आहे.

यथावकाश सूज उतरली, आखडलेपणा उरला आणि आईचा काळ सुरू झाला. पिशवी मायक्रोवेव्हमध्ये गेली. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही. आत लहरींचं असं जाळं तयार होतं, की काही ठिकाणी रटरट आणि काही ठिकाणी शुकशुकाट. त्यात पिशवी नुकतीच फ्रीझरमधून काढलेली असेल तर बघायलाच नको, कारण गोठलेल्या भागापेक्षा वितळलेला भाग मायक्रोवेव्ह फार भराभर शोषतो. परिणामी एक कोपरा पोळणारा, दुसरा अजून हिवाळ्यात. म्हणून ती आधी बाहेर ठेवून नेहमीच्या तापमानाला आणायची, थोडी थोडी तापवायची, दर वेळी काढून मळायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर तपासून मग पायाला लावायची. जास्त तापवली तर फुगते आणि फुटते. फुटली की ते निळं जेल पुसायला लागणारा वेळ घोटा बरा व्हायला लागणाऱ्या वेळेत धरावा लागतो. आईचं म्हणणं, एवढं करण्यापेक्षा पातेल्यातल्या गरम पाण्यात बुडवून ठेव. खोक्यावरही तेच लिहिलंय, हे बायकोने पाहिलं. त्या दिवशी दोघींचं प्रथमच एकमत झालं आणि मला घोटा मुरगळल्याचं सार्थक वाटलं.

एक दुसरी पिशवीही आहे घरात, टिचकीची. तिच्यात सोडियम ॲसिटेटचं द्रावण असतं आणि धातूची एक छोटी चकती. चकती वाकवली की टक् असा आवाज येतो, पारदर्शक द्रावण डोळ्यांदेखत पांढरंफटक गोठायला लागतं आणि पिशवी पन्नास अंशांच्या वर जाते. वीज नाही, मायक्रोवेव्ह नाही. पुन्हा वापरायची तर ती उकळत्या पाण्यात ठेवून सगळे स्फटिक विरघळवायचे आणि हलवाहलव न करता निवू द्यायचं. विज्ञान म्हणून अप्रतिम. पण आमच्या घरात ती मला तयार अवस्थेत कधीच सापडलेली नाही. टक् करून पाहिल्याशिवाय तिच्या शेजारून कोणालाही जाता येत नाही. मी लंगडत पोचेपर्यंत ती गोठून, तापून, थंड होऊन, विटेसारखी पडलेली. विचारलं तर मुलगी म्हणते, "मी नाही, पाहुणे."

फिजिओताईंनी मला आता पिशवीवरून उतरवलंय. त्यांच्याकडे स्वतःच्या जाडजूड कापडी पिशव्या आहेत, आत बेंटोनाइट माती भरलेल्या, सत्तर अंशांच्या वर तापवलेल्या पाण्याच्या टाकीत दिवसभर पोहत असलेल्या. बाहेर काढून टॉवेलच्या कित्येक घड्यांत गुंडाळून मगच अंगावर ठेवतात. तिथे पहुडलो असताना मला प्रथमच त्या खोक्यावरच्या माणसासारखं हसू आलं, आणि त्याच क्षणी ताई म्हणाल्या, "काका, झालं गरम. आता दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहा. डोळे मिटून." दुखावलेल्या अस्थिबंधाला तोल परत शिकवावा लागतो म्हणे, नाहीतर घोटा पुन्हा मुरगळायची सवय लावून घेतो. मी रोज दात घासताना एका पायावर उभा असतो. आई रोज विचारते, की आता हे आणखी काय.

पिशवी मोकळी झाली, तशी तिला मागणी आली. आईचा गुडघा सकाळी, गरम. बायकोची मान रात्री, गरम. मुलगी धावायला लागलीय, तिची नडगी संध्याकाळी, गार. बर्फाविरुद्धची तिची मतं नडगी दुखायला लागल्यापासून मवाळ झाली आहेत. मधल्या वेळात पिशवीचं फ्रीझर ते मायक्रोवेव्ह असं जाणं-येणं चालू असतं, दोन्हीकडे ती अर्धवटच पोचते.

काल सरावानंतर घोटा जरा कुरकुरला म्हणून फ्रीझर उघडला, तर पिशवी नाही. मायक्रोवेव्हमध्ये नाही. पातेल्यात नाही. बायकोने सांगितलं, शेजारचे काका घेऊन गेलेत, त्यांची कंबर लचकलीय. मी दार ठोठावलं. काकांनी दार उघडलं, कंबरेला माझी पिशवी, वर वेल्क्रोचा पट्टा, जो त्यांना मात्र तंतोतंत बसला होता.

"अरे ये ना," काका म्हणाले. "पण मला एक सांग, ही गार लावायची की गरम?"