घोट्याची बांधाबांध

थाई बॉक्सिंगमध्ये मार कमी आणि बांधाबांध जास्त, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी गुमान योगाच्या वर्गाला गेले असते. तिथे एक सतरंजी टाकली की काम भागतं. इथे आधी हात गुंडाळायचे. एकेका हाताला साडेचार मीटर पट्टी, अंगठ्यात अडकवून, मनगटावरून, बोटांच्या फटींतून. तो सोहळा आटोपला की पाय.

या खेळाला 'आठ अंगांचा खेळ' म्हणतात. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या. यादीत घोट्याचं नाव नाही आणि सगळा भार त्याच्यावर. (नाव नसलेल्यानेच सगळं ओढायचं, ही पद्धत मला घरातून ओळखीची होती.) लाथ मारायची नडगीने, पण तोल सांभाळायचा दुसऱ्या पायाने. त्याचा चवडा मॅटवर रोवायचा, टाच उचलायची आणि समोरच्याच्या दिशेने गर्रकन फिरवायची. तेवढ्यात पाऊल आत वळलं की घोट्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि चाळिशीतली बाई आठवडाभर भिंतीला धरून स्वयंपाक करते. म्हणून अँकलेट, म्हणून टेप, म्हणून हा सगळा व्याप.

आमचा क्लास सोलापुरात विजापूर रोडला, पहिल्या मजल्यावर, वर पत्रे. मे महिन्यात संध्याकाळी सहालाही ते पत्रे दुपारचं देणं चुकतं करत असतात. अशा वेळी अँकलेट घालायचं. अँकलेट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी इलॅस्टिकची नळी. बोटं बाहेर, टाचही बाहेर, कारण हा खेळ अनवाणीच खेळतात. बूट चालत नाहीत, पण इलॅस्टिकची ही पट्टी स्पर्धेतही चालते. घामेजल्या पायावर मात्र ती चालता चालत नाही. अभ्रा घालताना उशीचा एक कोपरा हटून बसतो, तशी माझी टाच मध्येच हटून बसते. मी बाकावर बसून ओढत असते, तोवर कॉलेजची पोरं दोरीवरच्या उड्या संपवून पाणी प्यायला आलेली असतात.

"मॅडम, झालं का?" सर विचारतात. सर वयाने माझ्या भाच्याएवढे.

"एक पाय झालाय सर."

त्यात जोडवी. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जोडवी काढा, नायतर टेप मारून घ्या. पॅडमध्ये अडकली तर बोट जाईल." लग्नापासूनची जोडवी, बोट त्यांच्याभोवती सुखाने वाढलेलं. साबण झाला, खोबरेल झालं. बाथरूममध्ये मी पाटावर आणि सासूबाई दारात.

"सवाष्णीनं जोडवी काढून लाथा कुणाला मारायच्या म्हणते मी?"

मी सांगितलं, आई, साधासुधा खेळ नाही, ऑलिंपिक समितीने २०२१ साली मान्यता दिली आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "मग तुला कधी बोलावलंय?" असं विचारून त्या देवघराकडे गेल्या. जोडवी बोटातच राहिली. आता दुसरं आणि तिसरं बोट मिळून टेप मारते.

टेपचं शास्त्र वेगळं. सात रस्त्याजवळच्या मेडिकलमध्ये दीड इंची पांढरी चिकटपट्टी मागितली, तर दुकानदाराने "पेशंट कुठाय?" म्हणून माझ्या मागे पाहिलं. पट्टी बांधताना पाऊल नडगीशी काटकोनात धरायचं. नडगीच्या खालच्या भागात एक वेढा घ्यायचा. मग आतल्या बाजूने टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढायचं, म्हणजे पाऊल आत वळायला धजत नाही. शेवटी घोट्याभोवती इंग्रजी आठचा आकडा. फार आवळलं तर बोटं पांढरी पडतात. हे काम आमच्या मिस्टरांकडे आहे. ते टेप दाताने तोडतात आणि प्रत्येक तुकड्यागणिक नवीन रोल केवढ्याला पडला ते सांगतात. एवढं करून अर्ध्या तासाच्या उड्यांत टेप सैल पडतो. सोलापुरी घामात त्याआधीच तो पायाशी असलेलं नातं तोडून मॅटशी जोडतो.

आणि धुणं! आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी पिंपं आधी, माणसं नंतर, पट्ट्या सगळ्यात शेवटी. त्या गॅलरीत वाळत घातल्या की समोरून हाक येते, "ओ ताई, कुणाला लागलंय?"

ही हाक मामांची. मामा मूळचे सोलापूरच्याच पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी, जन्म सगळा यंत्रमागावर गेला. कापड दिसलं की बोटात धरल्याशिवाय त्यांना राहवत नाही. एकदा ते वर आले, दोरीवरचं अँकलेट काढलं, ताणलं, सोडलं, उलटं केलं, उजेडात धरलं.

"हे मागावरचं नाय. मोज्याचं कापड हाय. आडवा-उभा धागाच नाय ओ याला. हे काय धरणार? नुसतं चिकटून बसतंय."

जाणकारही हेच सांगतात, फक्त पानभर सांगतात. अँकलेटने पाय गरम राहतो, थोडा दाब राहतो, घोटा कुठे आहे याची जाणीव राहते. पण मुरगळणारं पाऊल ते अडवत नाही. मी मामांना म्हटलं, पूर्वी थायलंडात हातमोजे नव्हते, हाताला दोर गुंडाळून लढायचे.

"सुती?"

"सुतीच असणार."

"मग बरोबर हाय त्यांचं," मामा म्हणाले आणि अँकलेट दोरीवर परत टाकलं, चिमटा न लावता.

दोन दिवसांनी मामा खाटेच्या नवारीसारखी सुती पट्टी घेऊन हजर. साडूच्या कारखान्यात विणून आणली होती, दोन्ही कड पक्की, ताण म्हणून नाही. मोज्यावरून आठच्या आकड्यात बांधली, चवडा मोकळा ठेवला, आणि घोटा असा जखडला की बाई बोलायची सोय नाही. मोजा कापून चवड्यावरून काढून टाकावा लागला, नाहीतर मॅटवर घसरगुंडी. पण पाऊल आत वळेना. सरांनी खाली वाकून गाठ पाहिली, पट्टी दाबून पाहिली.

"मॅडम, कुठली कंपनी?"

"शेजारची."

सरांनी पोरांसाठी पाच जोड होतील का विचारायला सांगितलं. मामांनी निरोप धाडला: पाच जोडाला कोण माग लावतंय? शंभर घ्या, रेट करून देतो. आमच्या क्लासात सरांसकट सगळे पाय मोजले तरी शंभर भरत नाहीत. सर आता ओळखीच्या कबड्डीवाल्यांना फोन लावताहेत.