टनाला किती?

गेल्या डिसेंबरात गावी होतो तेव्हा पुतण्याला नोकरी लागल्याची पार्टी म्हणून घरची सगळी मंडळी नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेली. मेनूकार्डासोबत वेटरने काळ्या पुठ्ठ्याची एक वेगळी वही आणून ठेवली. वाईनची यादी, चांगली चार पानांची. पुतण्याने ती माझ्यापुढे सरकवली. "काका, हे तुमच्या तिकडचीच हाये ना?" होती. साउथ ऑस्ट्रेलियाची शिराझ, त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची लाल वाईन. ॲडलेडला माझ्या घराजवळच्या बॉटल शॉपमध्ये ती पंधरा डॉलरला मिळते. इथे तिच्यापुढे सहा हजार रुपये लिहिले होते. शेजारी बाबा बसले होते. मी वही मिटली आणि "असेल" एवढंच म्हणालो.

त्या वहीवरून घरात जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. मी परत आल्यावर पुतण्याने घरच्या ग्रुपवर नाशिककडच्या एका वायनरीचा व्हिडिओ टाकला. टेकडी, तळं, काचेची गॅलरी, हातात ग्लास घेतलेली जोडपी. खाली लिहिलं, "आपल्या वरुडले असं एक पाहिजे. संत्र्याची वाईन, बाजूले रिसॉर्ट. शेतकऱ्याचं सोनं होईन." त्यावर आष्टीकडच्या मामांचं उत्तर आलं, "दारू थे दारूच. गांधीबाबाच्या जिल्ह्याच्या काठावर कारखाना पाहिजे काय तुमाले?" आमचं गाव वर्धा नदीच्या अलीकडे, अमरावती जिल्ह्यात. मामांचं पलीकडे, वर्धा जिल्ह्यात, जिथे १९७४ पासून दारूबंदी आहे. मधे फक्त नदी. दोन दिवसांत साठ-सत्तर मेसेज झाले.

हे भांडण मी आधीही वाचलेलं आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा अख्खा महाराष्ट्र असाच दोन बाजूंना उभा राहिला होता. एक बाजू म्हणे वाईन म्हणजे दारू नव्हे, दुसरी म्हणे संस्कृती बुडाली. दोघांच्याही तोंडी शेतकरी होता. निर्णय शेवटी अमलात आलाच नाही, आणि मुद्दाही तिथेच राहिला. आता तोच माझ्या घरात आला आहे. मला राग याचा आहे की या साठ-सत्तर मेसेजमध्ये एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही: त्या काचेच्या गॅलरीवाल्याने फळ घेतलं, तर टनाला किती देईल?

लांबून बोलतो म्हणून मला बोलायचा हक्क नाही, असं एका चुलतभावाने लिहिलं. तर सांगतो. मी चौदा वर्षं वाईनच्याच धंद्यात आहे, प्रयोगशाळेत. फेब्रुवारी ते एप्रिल व्हिंटेज, म्हणजे द्राक्षतोडणीचा हंगाम, चालतं तेव्हा टँकर रात्री दोनलाही येतात आणि मी साखर, आम्ल, सल्फर मोजत उभा असतो. वाईनबद्दल मला जे कळतं ते ब्युरेटमधून, प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या काचनळीतून, कळलेलं आहे. आणि संत्र्याबद्दल जे कळतं ते बाबांच्या बागेतून. म्हणून पुतण्याच्या सोन्याबद्दल दोन शब्द बोलणं भाग आहे.

वाईनचं द्राक्ष तोडणीला येतं तेव्हा त्यात साखर बावीस ते चोवीस ब्रिक्स, म्हणजे साधारण तितके टक्के, असते. आपल्या संत्र्यात ती दहाच्या आसपास. म्हणजे वरून साखर घालावी लागणार. दुसरं त्याहून कठीण. नागपुरी संत्र्याचा रस काढला की प्यायला अमृत, पण काही तास गेले की कडवट होत जातो. घरी उरलेला रस संध्याकाळी कोणी पीत नाही, हे आपल्याकडे लेकराला माहीत असतं. बिया आणि सालीखालच्या पांढऱ्या भागातून येणारं लिमोनिन ते करतं. यावर उपाय नाहीत असं नाही. त्याला माणसं लागतात, यंत्रं लागतात, वर्षं लागतात. टेकडीवर गॅलरी बांधून लिमोनिन जात नाही.

आणि गॅलरी मी कमी पाहिल्या नाहीत. भारतातून कोणीही आलं की मी मॅक्लारेन व्हेलला नेतो. तिथे डॅरेनबर्ग म्हणून वायनरी आहे आणि तिच्या द्राक्षवेलींच्या मधोमध पाच मजली काळा-पांढरा क्यूब उभा आहे, मुलांच्या रुबिक क्यूबचे थर अर्धवट फिरवून ठेवावेत तसा. आत वासांची खोली आहे. वाईनमध्ये म्हणतात तो प्रत्येक वास बरणीतून हुंगायचा. सासरे आले होते तेव्हा एकेका बरणीशी थांबून जात होते आणि एका वासाला म्हणाले, "हे तर आपला मोगरा हाये." मला तो क्यूब आवडतो, खोटं कशाला बोलू? पण तो २०१७ च्या डिसेंबरात उघडला, आणि त्या घराण्याने तिथे जमीन घेतली १९१२ साली. आधी शंभर वर्षं मातीत काम झालं, मग इमारत आली. नाशिकचंही तेच आहे. सुलाची पहिली वाईन २००० साली आली, टेस्टिंग रूम २००५ साली. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून नाशिकचा शेतकरी द्राक्षाची छाटणी आणि फवारणी जगात कोणालाही शिकवेल इतकी जाणत होता. आपल्याकडे लोकांना इमारत आधी पाहिजे. संत्र्यावर प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्प येणार असं मी चौथीत असल्यापासून प्रत्येक निवडणुकीत ऐकतो आहे. भूमिपूजनाचे पेढे खाल्ल्याचंही आठवतं.

बरोसात, ॲडलेडजवळच्या वाईनच्या जुन्या खोऱ्यात, एक शिराझची बाग १८४३ सालची आहे. अजून फळ देते. तिथे वेलींच्या वयाची सनदच केलेली आहे: पस्तीस वर्षांपुढची जुनी, शंभरपुढची शतायु, सव्वाशेच्या पुढे गेली की पूर्वज. पूर्वज हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसलो होतो. आमच्याकडे शेंदुरजना घाटाहून जंभेरीच्या खुंटावरची कलमं आणायची, पाच-सहा वर्षं लेकरासारखी वाढवायची, आणि वीस-पंचवीस वर्षांत डिंक्या रोग नाहीतर पाण्याची टंचाई, दोहोंपैकी एक त्यांना घेऊन जातं. वरुडचा पट्टा भूजल आटल्यामुळे ड्राय झोन म्हणून जाहीर आहे. बोअर नऊशे फूट गेली तरी धूळ. गेल्या उन्हाळ्यात बाबांनी दीडशे झाडं तोडली. मी इथे होतो.

शिकत असताना शनिवार-रविवार मी एका रेस्टॉरंटात ग्लास पुसायचो, पुढे आरएसए, म्हणजे दारू वाढण्याचं प्रमाणपत्र, काढून टेबलावर वाईन द्यायला लागलो. तेव्हा यादी कशी रचतात ते पाहिलं. बाटली आणतात त्याच्या अडीच-तीन पट लावायची. पहिल्या ग्लासातच बाटलीचे पैसे बहुतेक सुटले पाहिजेत. दोन-चार फार महागड्या बाटल्या ठेवायच्या, त्या खपल्या नाही तरी चालतं, त्यांच्यामुळे मधल्या स्वस्त वाटतात. गिऱ्हाईक सर्वांत स्वस्त मागवायला लाजतं आणि तिच्या वरची मागवतं, म्हणून नफा तिथे ठेवायचा. पुतण्याला ती काळी वही म्हणजे जग जिंकल्यासारखी वाटली. मला तीत ही गणितं दिसली.

पण त्या याद्यांमधली एक गोष्ट मला तेव्हापासून लागून राहिली आहे. चांगल्या यादीत गावाचं नाव असतं. कधी नुसतं गाव नाही, शेताच्या तुकड्याचं नाव, पिकवणाऱ्या घराचं आडनाव. लोक ते मोठ्याने वाचतात. आपलं संत्रं मुंबईच्या गाडीवर पोहोचेपर्यंत "नागपूर" होतं; वरुड गेलं, मोर्शी गेली, काटोल गेलं. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी पेपरचं कात्रण जपून ठेवलं. व्यापारी बागेत आला तेव्हा त्याने कात्रणाकडे पाहिलंही नाही. बगीचा उक्ता मागितला, लहान फळ सोडून.

ज्या करारामुळे ती शिराझ पुढेमागे नागपुरात स्वस्त व्हायची आहे, त्याबद्दलही ग्रुपवर एक अक्षर नाही. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं आयात शुल्क दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आलं, दहा वर्षांत पन्नासवर जाणार. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर पंचाहत्तर, पुढे पंचवीस. त्याच करारात ऑस्ट्रेलियाच्या संत्र्या-मोसंबीला वर्षाला १३,७०० टनांपर्यंत निम्मं शुल्क आहे. आणि ५१,००० टन कापूस बिनशुल्क. संत्रं आणि कापूस! आमच्या घराची दोन्ही पिकं त्या कागदावर होती. मी हे आकडे ग्रुपवर टाकले. एका वहिनींचा अंगठा आला. तासाभराने मामांनी दारूच्या दुष्परिणामांवरचा एक लेख पाठवला.

मामांवर मी फार रागावू शकत नाही. दारूने मोडलेली घरं त्यांनी पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती तिथल्या लोकांनी लढून आणली. पण कॉलेजात माझा खोलीसोबती कोरचीचा होता. त्याची आई चैत्रात पहाटे चारला मोहाची फुलं वेचायला जायची. एकदा त्याच्या गावी गेलो होतो, ती ओली फुलं अंगणभर वाळत घातलेली, सगळ्या घराला तो गोड, जड वास. क्यूबमधल्या बरण्या हुंगताना मी तोच वास शोधत होतो. त्याच्या आईने त्या फुलांची भट्टी लावली तर पोलीस येतात, आणि नागपूरच्या त्या हॉटेलात माझ्या कंपनीसारख्या कंपनीची बाटली पांढऱ्या रुमालात गुंडाळून येते. यातलं संस्कृती काय आणि दारू काय, हे मामांनी मला एकदा समजावून सांगावं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. गावात मी वाईनच्या कंपनीत आहे हे कोणालाही माहीत नव्हतं. आई सगळ्यांना सांगते, "पोरगं ज्यूसच्या कंपनीत हाये." तिला तसं मीच सांगितलं, २०११ साली, पहिली नोकरी लागली तेव्हा. बाबांची सगळी हयात वरुडला ज्यूसचा कारखाना होईल या आशेवर गेली, म्हणून तोच शब्द तोंडात आला असावा. माझी फी दोन वर्षांच्या आंबिया बहाराची आणि चार एकर गहाण टाकून आलेली. ती जमीन सोडवली या पगारातून. बोअर मारली या पगारातून. मामांनी "दारू थे दारूच" लिहिलं तेव्हा मला त्यांच्याशी भांडायचं होतं ते संस्कृतीवरून नव्हे. मला म्हणायचं होतं की तुमच्या बहिणीच्या घरावरचा स्लॅब त्याच पैशाचा आहे. आणि म्हणता आलं नाही. हॉटेलातली वही मी बाबांसाठी मिटली, असं इतके महिने स्वतःला सांगत होतो.

जूनच्या लाँग वीकेंडला रिव्हरलँडला गेलो होतो. बेरी, रेनमार्क. पर्यटक बरोसात थांबतात, इकडे येत नाहीत, पण इथल्या स्वस्त वाईनचं द्राक्ष मोठ्या प्रमाणावर इकडूनच येतं. खोक्यातली वाईनही रेनमार्कच्याच थॉमस अँगोव्हने १९६५ साली काढली. चीनने २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाईनवर २१८ टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, ते २०२४ च्या मार्चअखेर उठलं, तोवर टाक्या भरून वाहत होत्या. लाल द्राक्षाला टनाला दोनशे डॉलरच्या खाली भाव आलेले मी कागदावर पाहिलेत, पिकवायचा खर्चही त्यातून निघत नाही. कामामुळे ओळखीचा झालेला एक म्हातारा ग्रीक शेतकरी तिथे आहे. त्याने वीस एकर शिराझ ट्रॅक्टरने ओढून काढली होती. वेलींचे ढीग बांधावर रचलेले, पेटवायचे बाकी. घराजवळ त्याची थोडी संत्र्याची झाडं आहेत, त्यातलं एक तोडून हातावर ठेवलं. साल इतकी घट्ट की नखाने सुटेना. मी ते तसंच खिशात ठेवलं.

त्या रात्री मोटेलमधून बाबांना फोन केला आणि सांगून टाकलं. ज्यूस नाही बाबा, वाईन. चौदा वर्षांपासून. पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"पगार टायमावर देते ना?"

"देते."

"द्राक्षं कुठून घेता?"

मी सगळं सांगितलं. रिव्हरलँड, तो म्हातारा, ते ढीग.

"मंग टनाले किती देता?"

घेता. देता. आमच्या बागेत येणाऱ्या व्यापाऱ्याशी बाबा याच आवाजात बोलतात. मी आकडा सांगितला, रुपयांत करून. ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांनी मनात क्विंटलचा हिशेब लावला असणार.

"मंग थो आता काय लावते?"

"बदाम म्हणते."

"पाणी हाये काय त्याच्यापाशी?"

"नदीचं हाये बाबा," मी म्हणालो. "पण विकत घ्या लागते. मीटरनं."