मारधाडीचे सिनेमे आणि दीड सेकंदाचा फरक

नमस्कार. मारधाडीचे सिनेमे आणि गेम्स यांमुळे दुसऱ्याचं दुःख जाणवणं कमी होतं का, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही उत्तर दिलंत. तुमच्या मते मी हिंसेचं सगळं खापर सिनेमा आणि गेम्सवर फोडतो आहे. तुम्ही लहानपणापासून मारधाडीचे सिनेमे बघत आलात, तरी कुणावर कधी हात उचलला नाहीत, आणि माझ्यासारख्यांचं लेखन शेवटी बंदीच्या मागणीवर जातं, असंही तुम्ही म्हणता.

गुन्ह्यांपुरतं तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 14-15 वर्षांच्या सुमारे हजार मुलांची केलेली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. गेममधली हिंसा आणि मुलांची आक्रमकता यांचा संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकेत तर हिंसक सिनेमांना गर्दी असते त्या रात्री मारहाणीचे गुन्हे कमी होतात, असं डाल आणि डेलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. एरवी बारमध्ये बसणारे तरुण तेवढा वेळ थिएटरात असतात! त्यामुळे खून झाला की आरोपी कोणता गेम खेळायचा याच्या बातम्या रंगवतात, त्याचा मलाही संताप येतो. दारू, बेकारी, घरातली मारहाण यांच्याकडे मग कुणी बघतच नाही.

पण माझा लेख होता दुसऱ्याचं दुःख जाणवण्याबद्दल. बुशमन आणि अँडरसन या मानसशास्त्रज्ञांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. थिएटरबाहेर पायाला पट्टी बांधलेली एक तरुणी कुबड्या पाडायची आणि त्या उचलायला धडपडायची. कुणी पुढे यायला किती वेळ लागतो, ते मोजलं जायचं. हिंसा नसलेला सिनेमा बघून निघालेल्यांपेक्षा हिंसक सिनेमा बघून निघालेल्यांना 26 टक्के जास्त वेळ लागला. तुम्ही म्हणाल, मुळात तसलेच लोक तसले सिनेमे बघतात. म्हणूनच त्यांनी आत जाणाऱ्या प्रेक्षकांसमोरही कुबड्या पाडून बघितल्या. तेव्हा दोन्ही सिनेमांच्या प्रेक्षकांत फरक नव्हता.

हा फरक जेमतेम दीड सेकंदाचा, हेही सांगायलाच हवं. जर्मनीतल्या 2018 च्या एका प्रयोगात मोठ्या माणसांनी दोन महिने हिंसक गेम खेळूनही त्यांची सहवेदना कमी झाली नाही. तेव्हा मोठ्यांनी काय बघावं हे मी ठरवणार नाही, बंदी तर मी मागितलेलीच नाही.

माझा जीव तुटतो तो लहान मुलांसाठी. मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांच्या 1965 च्या प्रयोगात मुलांना एक फिल्म दाखवली. तीत एक मोठा माणूस बाहुलीला बडवतो. काहींना शेवटी त्याला शिक्षा झालेली दिसली, काहींना शाबासकी मिळालेली. शिक्षा बघितलेल्या मुलांनी त्याची नक्कल कमी केली. पण नक्कल केलीत तर खाऊ देऊ म्हटल्यावर त्यांनीही बाकीच्यांइतकीच नक्कल करून दाखवली. शिकली सगळीच होती. आपल्या पडद्यावर तर बडवणाऱ्यालाच शिट्ट्या मिळतात, आणि रात्रीच्या शोला तीन-चार वर्षांची पोरं आईबापांच्या मांडीवर बसून ते बघतात. 2024 पासून सिनेमाच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर यूए 13+, यूए 16+ असं छापलं जातं, पण ती पालकांसाठी नुसती सूचना असते. दारावर कुणी अडवत नाही.

तुम्ही मारधाड बघत वाढलात ते कोणत्या वयापासून, आणि शेजारी कोण बसायचं, ते जरूर लिहा. हाणामारी संपल्यावर ज्याला लागलं त्याच्याबद्दल घरात कुणी बोलायचं का, हेही मला ऐकायचं आहे.